शब्दचर्चा: 'सोशल रिप्रेझेंटेशन'ला मराठीत काय म्हणायचं?

मंडळी, एका शब्दावर दोन आठवडे अडलेय, मदत करा. मी मानसशास्त्र शिकवते, मराठी माध्यमातल्या एमएच्या मुलांसाठी टिपणं लिहायला घेतलीयेत आणि सोशल रिप्रेझेंटेशनपाशी गाडी थांबलीये. म्हणजे एखाद्या गोष्टीबद्दल एका समाजातल्या लोकांच्या डोक्यात मिळून जे चित्र असतं ते, आणि ते चित्र कशाच्या आधारावर उभं आहे हे आकड्यांनी कसं शोधायचं. समाजशास्त्रज्ञ द्युरकेम १८९८ साली अशा चित्रांना 'सामूहिक' म्हणाला होता, मानसशास्त्रज्ञ मोस्कोव्हिसीने १९६१ मध्ये फ्रान्समधल्या सामान्य लोकांनी फ्रॉइडच्या मनोविश्लेषणाचं आपापल्या डोक्यात काय केलं याचा अभ्यास मांडला आणि तिथून हे सगळं सुरू झालं. आपल्याकडेही तेच झालंय बघा, फ्रॉइडचं एक पान न वाचलेला माणूससुद्धा 'तिला कॉम्प्लेक्स आलाय' म्हणतो, जसा काही ताप आलाय.

पुस्तकांत 'प्रतिनिधान' वाचलंय पण ते मुलांच्या तोंडी बसत नाही. आणि 'प्रतिनिधित्व' तर नकोच. आमच्या एका विद्यार्थिनीने प्रश्नावलीवर 'पाण्याचे सामाजिक प्रतिनिधित्व' असं लिहिलं होतं, गावात लोक तिला सरपंचपदाचं आरक्षण आणि पाणीसमितीत कोण कोण आहे तेच सांगत बसले, पोरीच्या दोन दुपारी गेल्या.

*प्रतिसाद:*
ताई, 'समजूत' का नको? रोजचा शब्द आहे. फक्त एक अडचण दिसते, 'अशी एक समजूत आहे' म्हटलं की सांगणाऱ्याला ती पटलेली नाही हे लगेच कळतं, शब्दातच थोडा गैरसमज मुरलेला आहे. 'समज' म्हणावं तर पोलीस समज देऊन सोडतात. 'धारणा' जमेल, पण आमच्या तलाठी कार्यालयात धारणा म्हणजे जमीन. माझं मत 'लोकसमज'ला, त्यात खरं-खोटं ठरवायचा सूर नाही आणि 'लोक' आल्यामुळे एकट्याचं मत नाही हेही कळतं.

*प्रतिसाद:*
फ्रेंच शिकवतो म्हणून लिहितो. मूळ शब्द रेप्रेझांतास्यों, आणि फ्रेंचमध्ये नाटकाच्या प्रयोगालाही हाच शब्द आहे. म्हणजे पुन्हा समोर उभं करणं. 'समज'मध्ये ते उभं करणं हरवतं असं मला वाटतं, पण दुसरा बरा शब्द माझ्याकडेही नाही, त्यामुळे लोकसमज चालेल.

त्याहून महत्त्वाचं, पुढे टिपणात झां-क्लोद आब्रिक या संशोधकाचा 'न्वायो सांत्राल' येईल, म्हणजे त्या सामाईक चित्राच्या मधोमध असलेला भाग, त्याला सगळे 'केंद्रीय गाभा' लिहितात. न्वायो म्हणजे फळाच्या आतलं कठीण बी. कोय! गाभा केळीचा असतो, मऊ असतो. आब्रिकला अभिप्रेत आहे ते न हलणारं, ज्यावर बाकी सगळं धरून असतं ते. भोवतालचा भाग परिस्थितीनुसार बदलतो, धक्के खातो आणि आतल्याला वाचवतो, क्लोद फ्लामाँ या संशोधकाने त्याला गाडीच्या बंपरची उपमा दिलीये.

*प्रतिसाद:*
कोय हा शब्द फार आवडला!! मी संख्याशास्त्रवाला, माझी तक्रार दुसऱ्या शब्दाबद्दल. याच क्लोद फ्लामाँने १९६२ साली जी पद्धत मांडली तिला सिमिलिट्यूड म्हणतात आणि मराठीत लोक 'साधर्म्य विश्लेषण' करतात. पण तिथे शब्द एकमेकांसारखे आहेत का हे बघतच नाहीत हो, एकाच माणसाच्या उत्तरात ते किती वेळा जोडीने येतात ते मोजतात. चहा आणि भजी यांत साधर्म्य काय, काही नाही, सोबत आहे. म्हणून 'साहचर्य' म्हणा. बारा शब्द असतील तर जोड्या होतात ६६, त्या सगळ्या काढल्या तर कोळ्याचं जाळं होतं, काही वाचता येत नाही, म्हणून सगळ्यात घट्ट जोडीपासून सुरुवात करायची, रेघ मारत जायचं, आणि ज्या रेघेने वर्तुळ पुरं होईल ती सोडून द्यायची. शेवटी ११ रेघा उरतात आणि एक झाड दिसतं. त्याला 'महत्तम वृक्ष' लिहिलंत तरी चालेल पण वर्गात झाडच म्हणा.

*धागाकर्ती:*
सर, साहचर्य घेतलं. आता मी घरी करून पाहिलं ते सांगते, कारण शब्दाचा निकाल मला तिथे लागला.

गौरी-गणपतीला आम्ही सगळे सांगलीकडच्या गावी जमतो. अकरा जणांना कागद दिले आणि 'पाऊस' म्हटल्यावर मनात येतील ते पाच शब्द लिहा म्हटलं, चुलत्यांचे मी लिहून घेतले. आधी 'पावसात', 'पावसाचं' असलं सगळं एकेका मूळ शब्दावर आणून ठेवावं लागलं, मराठीत हे सामान्यरूपाचं काम हाताने केलंच पाहिजे नाहीतर एकाच शब्दाचे चार तुकडे मोजले जातात. मग पिएर व्हेर्जेस या फ्रेंच संशोधकाच्या रीतीने दोन गोष्टी पाहिल्या, शब्द किती जणांनी लिहिला आणि कितव्या नंबरावर लिहिला. 'पेरणी' आठ जणांकडे होती, 'भजी'सुद्धा आठ जणांकडे. नुसतं मोजलं असतं तर दोन्ही सारखीच. पण पेरणी पहिल्या-दुसऱ्या जागी आणि भजी बहुतेकांची चौथ्या-पाचव्या. झाड काढलं तर पेरणीला बियाणं, सोसायटी, कर्ज लटकलेलं, भजीला चहा आणि खिडकी, आणि पूर थेट २०१९ ला जोडलेला, तो शब्द लिहिताना काकूचा हात थांबला होता ते मी बघितलंय.

आता लवकर आणि पुष्कळांनी आला म्हणजे शब्द कोयीतला असेलच असं नाही, ती नुसती शंका असते. पास्काल मोलिनेर या संशोधकाने १९८९ साली आदर्श गटाबद्दलच्या समजावर हेच दाखवलं. गटात उच्चनीच नसावी आणि सगळ्यांची मतं जुळावीत, दोन्ही गोष्टी लोकांच्या बोलण्यात सारख्याच ठळक होत्या. पण मतं जुळत नाहीत म्हटलं तरी बहुतेकांच्या मते गट आदर्शच राहिला, उच्चनीच आहे म्हटल्यावर मात्र तो आदर्श राहिला नाही. म्हणजे शब्द काढून घेऊन बघायचा. मी तसंच विचारलं. भजी नसली तर? सगळे हसले, पाऊस तो पाऊसच. मग विचारलं, पेरणीच्या कामाचा नसलेला पाऊस पडला तर? चुलते म्हणाले, "त्याला पाऊस कोण म्हणतंय, ते अवकाळी." नावच बदललं त्यांनी! पाणी तेच, ढग तेच. गाभा म्हटलं असतं तर मला हे मुलांना समजावता आलं नसतं, कोय म्हटल्यावर एका वाक्यात समजावता येतं.

*प्रतिसाद:*
ताई सुंदर. एक आठवण, पावसाबद्दल लोक खरं बोलतात, पण जातीबद्दल, हुंड्याबद्दल असे पाच शब्द मागितलेत तर कागदावर चांगलं चांगलंच येईल. गिमेली आणि देशां या संशोधकांनी २००० साली जिप्सींबद्दल विचारताना तुम्ही स्वतः काय म्हणाल असं एकदा विचारलं आणि तुमच्या देशातले लोक काय म्हणतील असं एकदा, तर दुसऱ्या वेळी चोरीसारखे शब्द जास्त आले. त्या न बोललेल्या भागाला फ्रेंचमध्ये 'मुका प्रदेश' म्हणतात.

*धागाकर्ती:*
हो, तो भाग पुढच्या टिपणात आहे. पण 'मुका' नको वाटतं, मुक्याला बोलता येत नाही, इथे माणूस बोलू शकतो आणि गिळतो. 'झाकली मूठ' मनात आलं पण ती सव्वा लाखाची, म्हणजे जपून ठेवलेली, इथे ती लाज आहे. लोकसमज, कोय, साहचर्य एवढं पक्कं करून टिपण छपाईला देतेय, या एका शब्दासाठी रविवारपर्यंत वाट बघते.