अनुभव धागा: संगणक अडला तेव्हा धावून आलेले, कधीही न भेटलेले मित्र

संगणक अडला की घरातली मुलं "नंतर बघतो" म्हणतात आणि दुकानदार "फॉरमॅट मारावा लागेल" म्हणतो. अशा वेळी कुठेतरी दूर बसलेलं, ज्याचा चेहराही आपण पाहिलेला नाही असं माणूस आपल्यासाठी तासभर जागतं आणि काम मार्गी लावून देतं. त्या माणसांविषयी इथे लिहा. एकच विनंती, नुसतं "खूप मदत झाली" म्हणून थांबू नका. काय बिघडलं होतं, त्यांनी काय विचारलं आणि काय करायला सांगितलं, तेही येऊ द्या. उद्या दुसऱ्या कुणाचं नेमकं तेच अडलेलं असेल.

सुरुवात मी करते. घरी विंडोज एक्सपी होतं तेव्हाची गोष्ट. मराठी मजकूर उघडला की अक्षरं सुटी सुटी दिसायची. 'किती' लिहिलं तर पहिली वेलांटी क च्या डावीकडे यायच्या ऐवजी उजवीकडे पडायची, जोडाक्षरांचे पाय मोडलेले. न्यू जर्सीतल्या एका मित्राने वाट दाखवली: कंट्रोल पॅनल, रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स, लँग्वेजेस, आणि तिथे कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या (म्हणजे मराठीसारख्या जोडाक्षरांच्या लिप्यांच्या) चौकोनात टिक. लगेच संगणकाने विंडोजची सीडी मागितली, ती घरात नव्हती. "सी ड्राइव्हमध्ये आय ३८६ नावाचं फोल्डर शोध, बरेच असेंबल करणारे ते आत टाकून ठेवतात," तो म्हणाला. सापडलं! पडद्यावर काय दिसतंय ते मी सांगितल्याशिवाय तो पुढची पायरी सांगत नसे. चांगला शिकवणारा मी तिथे पाहिला.

पुणे, मुद्रितशोधक
एका पुस्तकात 'दुसऱ्या' हा शब्द सगळीकडे शोधायचा होता. डोळ्यांना दिसतोय आणि शोध म्हणतोय सापडत नाही! नागपूरच्या एका मैत्रिणीला फाइल पाठवली. तिने कारण सांगितलं ते आजही रोज उपयोगी पडतं. हा अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. एक म्हणजे ऱ, मग हलन्त, मग य. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त, त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आणि मग य. कागदावर दोन्ही सारखे, संगणकाच्या लेखी मात्र वेगळे शब्द. लेखकाने एक तऱ्हा वापरली होती, संपादकांनी दुसरी. मग एक रूप दुसऱ्यात बदलून घेतलं आणि पुढचं काम सरळ झालं. इन्स्क्रिप्ट हा मराठी कळफलक वापरणाऱ्यांसाठी: J या कळीवर र आहे, शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ऱ.

सांगली, निवृत्त शिक्षिका
एके दिवशी कुठलंच संकेतस्थळ उघडेना. बँकेचं नाही, वर्तमानपत्राचं नाही, सगळीकडे "तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही". मला वाटलं व्हायरस शिरला. ऑनलाइन ओळख झालेल्या एका मुलाने पहिलाच प्रश्न विचारला, "काकू, खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय दिसतेय?" तारीख कितीतरी वर्षं मागची होती. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते, संगणकाची तारीखच त्या मुदतीबाहेरची असली तर तो प्रमाणपत्र मानत नाही. तारीख दुरुस्त केली आणि सगळं उघडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तेव्हा त्याने मदरबोर्डवरचा बटन सेल बदलायला सांगितलं, सीआर २०३२ नावाचा, घड्याळजीकडेही मिळतो. दुकानदार नवीन संगणकाची भाषा करत होता. त्या मुलाचे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत.

औरंगाबाद
मुलीच्या परीक्षेच्या अर्जावर फोटो चढत नव्हता, आकार मोठा म्हणून. जर्मनीतल्या दादाने पेंटमध्ये रीसाइझ करून जेपेग म्हणून जतन करायला सांगितलं. झालं. शेवटची तारीख होती.

कोल्हापूर, दृष्टिहीन वाचक
मी एनव्हीडीए हा पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली, वापरतो. तो मोफत आहे, आणि ईस्पीक या संगणकी आवाजात मराठीही वाचतो. मदत करणारे बहुतेक जण "त्या निळ्या बटनावर क्लिक करा" म्हणतात. मला निळं काय आणि हिरवं काय! एका अर्जाच्या पानावर बटनांना नावंच दिलेली नव्हती, पडदावाचक नुसतं "बटन, बटन, बटन" म्हणे. ठाण्याच्या एका ताईंनी तेच पान स्वतःच्या संगणकावर उघडलं, माऊस बाजूला ठेवला आणि कळफलकावरून चालून पाहिलं. मग सांगितलं, "बी ही कळ दाबत जा. तिसरं बटन 'जतन करा' आहे, चौथं 'रद्द करा', तिथे थांबू नका." अर्ज गेला. पण त्या तिथे थांबल्या नाहीत. बटनांना नावं द्या, असं त्यांनी पान चालवणाऱ्यांना सविस्तर लिहून कळवलं. मदत करायची तर अशी, समोरच्याच्या वाटेने चालून बघून.

लातूर
आजोबांनी लिहिलेला गावाचा इतिहास डीटीपीवाल्याने कृतिदेव या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केला होता. नव्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नव्हता, त्यामुळे 'मराठी' या शब्दाच्या जागी ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरं. पानंच्या पानं तशीच. इंदूरच्या एका मित्राने फाइल पाहताक्षणी फॉन्ट ओळखला, परिवर्तकातून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा रूपात, आणली, आणि जिथे रफार व वेलांट्या सरकल्या होत्या त्या ओळी रंगवून परत पाठवल्या. त्या ओळी माझ्या आईने मूळ कागदाशी ताडून पाहिल्या.

रत्नागिरी, बचत गट
सभासदांची यादी एक्सेलमध्ये उघडली की नावांचा कचरा व्हायचा. मैत्रिणीने सांगितलं, फाइलवर दोनदा क्लिक करू नकोस. आधी कोरं एक्सेल उघड, डेटामधून मजकुराची फाइल आत घे आणि फाइलमधली अक्षरं कुठल्या संकेतात आहेत ते विचारलं की ६५००१, म्हणजे यूटीएफ ८ हा युनिकोडचा प्रकार, निवड. नावं जशीच्या तशी आली.

पुन्हा मीच, धागाकर्ती
सगळ्यांचं वाचतेय, भरून येतंय. एक मात्र कळकळीने सांगते. वरच्या कुणीही "एनीडेस्क (दुरून दुसऱ्याचा संगणक चालवायचं साधन) टाका, मी बघतो" असं म्हटलेलं नाही. अनोळखी माणूस स्वतःहून फोन करून पडदा मागत असेल, ओटीपी विचारत असेल तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवा.

बेळगाव
आईच्या जुन्या संगणकावर बाकी मराठी नीट दिसतं, फक्त 'ॲप' मधल्या पहिल्या अक्षराच्या जागी चौकोन येतो. कुणी सांगेल का?

धागाकर्ती
दादा, ॲ ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली, त्याआधीच्या फॉन्टमध्ये तो नसतो. मुक्ता हा फॉन्ट मोफत आहे, तो उतरवून घ्या आणि ब्राउझरच्या सेटिंगमध्ये देवनागरीसाठी निवडा. आईंना दिसायला लागलं का, ते इथेच कळवा.