गोठ्याचं मूत शोषखड्ड्यात सोडणं थांबवायला हवं का?

विहीरकाठ: 20 संकरित गाई आणि 2 एकर रान, असे गोठे आता नगर जिल्ह्यात नवलाचे नाहीत. गाईमागे रोज 20 किलो शेण धरलं, तर वर्षाला 146 टन होतं. ओल्या शेणात 0.3 टक्के नत्र (नायट्रोजन) धरला तरी सव्वाचारशे किलोंच्या वर जातो. 2 एकर सुरू उसाला, म्हणजे हिवाळ्यात लावलेल्या उसाला, नत्राची शिफारस मात्र सुमारे 200 किलोंची. जादा नत्राचं मातीत नायट्रेट होतं आणि पावसाबरोबर मुरमातून ते विहिरीत उतरतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. त्याला ना वास ना रंग, आणि उकळून ते जात नाही. बाटलीच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला त्याचा धोका सर्वांत जास्त. उघडे उकिरडे आणि मूत जमिनीत मुरवणारे शोषखड्डे बंदच व्हायला हवेत.

गोठेवाला: दादा, शेणातला नत्र पहिल्या वर्षी थोडाच सुटतो. शिवाय सगळं शेण घरच्या रानात पडत नाही, डाळिंबवाले ट्रॉलीनं नेतात. युरियाच्या गोण्या उसात ओतल्या जातात त्यांचं काय? दोष मात्र गाईला!

विहीरकाठ: शेण विकत असाल तर तेवढा भार उतरला, मान्य. पण मूत कोण विकत नेतं? त्यातला युरिया आणि गोणीतला युरिया रसायन म्हणून एकच. तो तुम्ही मुळांच्याही खाली, खड्ड्यात सोडता. तिथं कुठलं पीक तो उचलणार? आणि दरवर्षी शेण टाकलं की मागच्या वर्षांचंही सुटत राहतं. म्हणून गोणी उचलण्याआधी शेणाचा नत्र वजा करा.

शेतकरी_ताई: बायोगॅस बसवा, प्रश्न मिटला.

विहीरकाठ: नाही ताई. गॅसमधून जातो तो मुख्यतः कार्बन. नत्र जवळजवळ सगळा स्लरीत, म्हणजे गॅस निघाल्यावर उरलेल्या पातळ शेणात राहतो, तोही लवकर विरघळणाऱ्या रूपात. बायोगॅस जरूर करा, पण स्लरी पिकाच्या गरजेपुरतीच द्या. भर पावसाळ्यात मोकळ्या रानात सोडली तर नुकसान तेच.

गोठेवाला: उकिरड्यावर ताडपत्री घालीन, मुताची नाली घासाच्या वाफ्यात वळवीन. तेवढं माझ्या हातात आहे. पक्क्या टाकीचा खर्च मात्र दुधाच्या आजच्या दरात निघत नाही. बंदीची भाषा करणाऱ्यांनी आधी डेअरीकडून लिटरमागे त्याचे पैसे मिळवून द्यावेत.

विहीरकाठ: पैसे डेअरीनं द्यावेत, यात आपण एकच आहोत. पण ते येईपर्यंत शोषखड्डा चालू ठेवणं मला पटत नाही. शेजारच्या वस्तीला पाणी त्याच विहिरीचं आहे.