मदत हवी आहे: फायबर बोटीत पाणी नेमकं कुठून शिरतंय?

बोट १४ फुटी, फायबरची, दुहेरी तळाची (दोन तळांमध्ये पोकळी). नागपूरच्या अंबाझरी तलावात दोघं बसले की तासाभरात बादलीभर पाणी. रिकामी असली की कोरडी ठणठणीत. ड्रेन प्लगचा (पाणी काढायच्या भोकाच्या बुचाचा) वायसर बदलला, मागच्या इंजिनाच्या बोल्टांना मरीन सिलंट भरलं. ठोकळ्यांवर चढवून आत ४ इंच रंगीत पाणी भरलं, बाहेरून टाल्कम पावडर फासली. (जास्त भरलं तर वजनानं तळच उकलायचा.) चार तासांत पावडरीवर एक ओघळ नाही. पाणी जमतं मागे, पण पोकळीतून वाहत कुठूनही येत असेल. मग चीर भारानेच उघडते, की रिकाम्या बोटीच्या पाणरेषेच्या वर असलेला, दोघं बसल्यावर पाण्याखाली जाणारा जोड गळतो? वरचा तळ कापायचा नाही. पोकळीत ब्लोअरची हवा सोडून बाहेरून साबणपाणी मारलं तर जागा सापडेल का, आणि जोड उकलू नयेत म्हणून दाब किती ठेवावा?