स्टॉक ऑप्शनसाठी कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

ठाणेकर७८:
नमस्कार मंडळी, दीड वर्ष निफ्टीचे ऑप्शन (ठरलेल्या भावाला घ्यायचा-विकायचा हक्क) करतोय, आता बँका आणि आयटीच्या शेअरमध्ये स्प्रेड (एकत्र घेतलेले-विकलेले ऑप्शन) लावायचेत. ऑर्डर झेरोधाच्या काइट अ‍ॅपवर टाकतो, ऑप्शन चेन (सगळ्या ऑप्शनच्या भावांची यादी) एनएसईच्या साइटवर बघतो, पण चार लेग (स्प्रेडमधले वेगवेगळे सौदे) झाले की डेल्टा-थीटाचा (शेअरचा भाव हलला, दिवस सरले की ऑप्शनची किंमत किती बदलते त्याचा) हिशोब लागत नाही, परवा लोकलमध्ये उभ्याउभ्या अ‍ॅडजस्टमेंट करताना चुकीचा लेग कापला. या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये सेन्सिबुल बरं की ऑप्स्ट्रा? शिवाय एकजण फोर्टच्या ऑफिसात येऊन बाय-सेल सिग्नलवाल्या सॉफ्टवेअरचा डेमो देऊन गेला, वर्षाचे 40 हजार म्हणतोय. घेऊ का?

गिरगाव_कट्टा:
ते सिग्नलवालं अजिबात घेऊ नका दादा, कळकळीने सांगतो. मी असंच एक घेतलं होतं. लाइव्ह मार्केटमध्ये हिरवा बाण एका कँडलवर (चार्टवरची भावाची पट्टी) यायचा आणि संध्याकाळी तोच चार्ट उघडला की बाण दोन कँडल मागे, बरोब्बर तळाला! रोज स्क्रीनशॉट काढायला लागलो तेव्हा लक्षात आलं. पैसे परत मागितले तर फोन उचलेनात. सेबीच्या 2024 च्या अभ्यासात एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन) करणाऱ्या 10 पैकी 9 पेक्षा जास्त लोकांना तीन वर्षांत तोटाच झालेला दिसला, त्यात हा खर्च आणखी कशाला.

मुलुंडची_मी:
सेन्सिबुल, ऑप्स्ट्रा दोन्ही वापरलीत, पेऑफ (कुठल्या भावाला किती नफा-तोटा) आणि ग्रीक्ससाठी (डेल्टा-थीटा वगैरे) दोन्ही चालतात, हाताला जे बसेल ते घ्या. खरी गोची स्टॉक ऑप्शनची आहे. लांबच्या स्ट्राइकला (ऑप्शनचा ठरलेला भाव) व्हॉल्यूम नसतो. माझ्या एका स्प्रेडमध्ये एलटीपी (शेवटच्या सौद्याचा भाव) 14 दाखवत होता, तो सौदा सकाळचा, आणि दुपारी बिड (घेणाऱ्याचा भाव) 9, आस्क (विकणाऱ्याचा) 17. स्क्रीनवर पोझिशन नफ्यात, विकायला गेले तर तोटा. म्हणून एलटीपी नाही, बिड-आस्क धरून हिशोब दाखवतंय का ते आधी तपासा.

दुसरं म्हणजे फिजिकल सेटलमेंट, मुदत संपली की प्रत्यक्ष शेअरची देवघेव. निफ्टीचा हिशोब रोखीत मिटतो, शेअरचा नाही. लॉट (एका ऑप्शनमधले शेअर) 500 चा, स्ट्राइक 1400 आणि कॉल (घ्यायचा हक्क) एक्स्पायरीला (मुदत संपायच्या दिवशी) इन द मनी (शेअर स्ट्राइकच्या वर) राहिला तर शेअर घ्यायला 7 लाख लागतात, प्रीमियम (ऑप्शनची किंमत) भले 5 रुपयांचा असो. शिवाय शेवटच्या आठवड्यात मार्जिन (ब्रोकरकडे ठेवायची रक्कम) वाढत जातं. पेऑफच्या चित्रात यातलं काही दिसत नाही.

ठाणेकर७८:
ताई, हे माहीतच नव्हतं, मी एक्स्पायरीपर्यंत धरायच्या विचारात होतो. मग एक्झिट कधी करता?

मुलुंडची_मी:
एक्स्पायरीच्या आधीच्या आठवड्यात, नफा असो की तोटा. आणि महिनाभर एक्सेलमध्ये रोज 3 वाजताचे बिड-आस्क लिहून कागदावरच सौदे करा, कुठल्या शेअरमध्ये बाहेर पडता येतं ते कळेल. चारही लेग एकत्र कापायची सोय आहे का तेही बघून ठेवा, लोकलमधली चूक त्यानेच टळेल.