पेठेबाहेरचा सामना बघणं हा फुटबॉलचा नाद की नुसती भटकंती?

शनिवार_तीनवाजता
कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर दुपारी लागोपाठ दोन सामने असले की पहिल्याला गॅलरीत कोण असतं ते एकदा बघा. खेळणाऱ्या पोरांच्या घरचे, राखीव खेळाडू, सावली धरून बसलेले चार म्हातारे आणि शेंगदाणेवाला. दुसऱ्या सामन्यात पाटाकडील, शिवाजी, दिलबहार नाहीतर प्रॅक्टिस असा पेठेचा मोठा संघ असेल, तर थोड्या वेळाने रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळत नाही. कधीकधी खेळ पहिल्याच सामन्यात चांगला होऊन गेलेला असतो. तो कुणी बघितलेला नसतो, कारण तो ‘आपला’ नसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की कोल्हापूर फुटबॉल बघत नाही, पेठ बघतं. जो आपली पेठ सोडून दुसऱ्या कुणाचा सामना कधीच बघायला जात नाही, त्याने स्वतःला फुटबॉलवेडा म्हणवून घेऊ नये.

नोकरीनिमित्त मी काही वर्षं शेफील्डला होतो. मोठ्या सामन्यांची तिकिटं दर वेळी परवडायची नाहीत, म्हणून शनिवारी बस धरून ड्रॉनफील्डला जायचो. तिथे शेफील्ड एफसी खेळतो. १८५७ साली स्थापन झालेला, जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब. त्याचं मैदान एका पबला लागून आहे आणि क्लब खेळतो व्यावसायिक लीगच्या कितीतरी खाली. कठड्याला रेलून उभं राहिलं की गोलकीपर बचावफळीला काय शिव्या घालतोय तेही ऐकू येतं. तिथल्या लीगच्या वरच्या पाच स्तरांत मैदान दिसेल अशा जागी बसून दारू प्यायला १९८५ च्या कायद्याने बंदी आहे. त्याखाली ती नाही, त्यामुळे लोक बिअरचा ग्लास हातात घेऊन उभे असतात आणि तरी कुणी कुणाच्या अंगावर जात नाही.

हाफटाइमला दोन्हीकडचे समर्थक आपापल्या गोलमागची जागा सोडून चालत समोरच्या टोकाला जातात, कारण आता आपला संघ त्या गोलवर चढाई करणार असतो. वाटेत एकमेकांना ओलांडतात, कोपरखळी मारतात, पुढे जातात. मधे ना जाळी, ना पोलीस. हे आपल्याकडे करून दाखवा.

मंगळवारचा_गडी
भावा, दुसऱ्याच्या लग्नात जेवून यायचं आणि घरच्या कार्यात राबणाऱ्यांना वाढायचं कसं ते शिकवायचं, असं झालं हे.

तुला ड्रॉनफील्डला मजा आली, कारण तिथं तुझं काही जात नव्हतं. तो क्लब हरला तर तुला रात्री जेवण गोड लागलं, हो का नाही? आमची पेठ फायनल हरली की दोन दिवस चौकात तोंड दाखवायची चोरी. वर्गणी पेठ काढती, बूट पेठ घेती, पोराचा गुडघा गेला तर दवाखान्याला पेठ धावती. ह्यातलं काय करतोस तू त्या शेफील्डसाठी? तिकीट काढलंस, फोटो काढलास, आलास. त्याला समर्थक म्हणत न्हाईत, पाहुणा म्हणत्यात.

आणि पेठेला नावं ठेवायच्या आधी पुण्याकडं बघ. पुणे एफसी गेला, भारत एफसी २०१५ ला एक हंगाम खेळून गायब, डीएसके शिवाजीयन्स गेला, २०१९ ला एफसी पुणे सिटी पण गेला. सगळ्यांच्या मागं पैसेवाले मालक होते. पेठ कुणाच्याच मागं नव्हती. आमच्या तालमींचे संघ अजून खेळत्यात.

कुंभारगल्ली_कॉर्नर
पुण्याचा मुद्दा कडक. नाद नाय करायचा.

लाइपझिगमुक्कामी
मी शिवाजी पेठेतला, म्हणजे मंगळवार पेठेच्या विरुद्ध गोटातला, सध्या जर्मनीत. शनिवार_तीनवाजता यांनी खालच्या स्तराचं जे सोज्ज्वळ चित्र काढलंय, ते एका मैदानाचं आहे. त्यावरून ‘परदेशात असं असतं’ म्हणायचं म्हणजे रंकाळ्यावर एक फेरी मारून कोल्हापूर शांत शहर आहे असं सांगण्यातला प्रकार.

माझ्या शहरात केमी आणि लोकोमोटिव्ह असे दोन जुने क्लब आहेत. दोघंही चौथ्या स्तरावर, रेगिओनाललिगा नॉर्डओस्टमध्ये. केमी १९६४ ला पूर्व जर्मनीचा विजेता होता. लोकोमोटिव्हने १९८७ ला युरोपीय कप विनर्स कपची अंतिम फेरी गाठली होती, अयाक्सकडून १-० ने हरले. आज दोघांचा सामना असला की पोलिसांच्या गाड्यांची रांग लागते, पाहुण्या समर्थकांना वेगळ्या वाटेने आणतात, घोषणा अशा की मी इथे लिहू शकत नाही. चौथा स्तर आहे हा! मला पहिल्याच सामन्याला घरी आल्यासारखं वाटलं.

ह्याच शहरात आरबी लाइपझिग आहे. २००९ ला पाचव्या स्तरावरच्या एका क्लबची जागा विकत घेऊन उभा केलेला, आणि आज बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या सर्वांत वरच्या लीगमध्ये. स्टेडियम झकपक, कुटुंबं येतात, सगळं सुरळीत. तरी जुन्या क्लबांची माणसं त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. पेठ नसलेला फुटबॉल कसा दिसतो, हे मला तिथे कळलं. म्हणून मंगळवारच्या गड्याशी आयुष्यात पहिल्यांदा सहमत होतोय. पेठेत कुणी सांगू नका.

मंगळवारचा_गडी
@लाइपझिगमुक्कामी स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

सायली_राजारामपुरी
पेठ, पेठ, पेठ. राजारामपुरीत वाढलेल्या आमच्यासारख्यांनी काय करायचं? आमच्यामागे तालमीचा शंभर वर्षांचा इतिहास नाही. आणि बाई म्हटल्यावर गॅलरीतली पेठ आणखीच लांबची.

मी शाळेपासून खेळलेय. फुटबॉल कळतो. मोठ्या सामन्याला गेले होते, पाठीमागच्यांच्या तोंडी रेफरीच्या आईबहिणीचा उद्धार सुरू झाला तो शेवटच्या शिट्टीपर्यंत. मधे कुणीतरी म्हणालं, “ए, बाया बसल्यात रं पुढं.” त्यावर उत्तर आलं, “मग त्यांनी घरी बसायचं.” कुठली पेठ ते सांगत नाही, सांगितलं तर धाग्याचा विषयच तेवढा उरेल.

तेव्हापासून मी लेकीला घेऊन त्या रिकाम्या पहिल्या सामन्याला जाते. तिला ऑफसाइड तिथेच समजला, कारण मला समजावून सांगता आला, ओरडावं लागलं नाही. एकदा लेफ्ट बॅक आमच्या समोरच थ्रोइन घ्यायला आला. दम लागलेला, मोजा फाटून घोट्यावर आलेला. लेक म्हणाली, “दादा, बांध ना तो.” त्याने हसून बांधला आणि मग चेंडू टाकला. मोठ्या सामन्यात हे शक्य आहे का? तेव्हा ज्यांना पेठ नाही त्यांनाही गॅलरीत जागा द्या. पाहुणे म्हणून तर पाहुणे म्हणून.

मंगळवारचा_गडी
ताई, ते शिव्यांचं मान्य. ते माणूसपणाचं न्हाई. आमच्या तालमीची थोरली माणसं हंगामाच्या सुरुवातीला पोरांना बसवून सांगत्यात. निम्मी ऐकत्यात, निम्मी न्हाईत. पण त्यावर उपाय म्हणून पेठच नको, हे पटत न्हाई.

हिशेबी_माणूस
दोन्ही बाजू एक गोष्ट सोयीने विसरल्यात.

इंग्लंडातल्या खालच्या स्तराला अर्थ आहे तो शिडीमुळे. ल्युटन टाउन २००९ ला व्यावसायिक लीगमधून बाहेर फेकला गेला, २०१४ ला परत आला आणि २०२३ ला प्रीमियर लीगमध्ये पोचला. विम्बल्डनचा क्लब मिल्टन कीन्सला न्यायचं ठरलं तेव्हा समर्थकांनी २००२ मध्ये नवा एएफसी विम्बल्डन काढला, नवव्या स्तरापासून सुरुवात केली आणि २०११ ला फुटबॉल लीगमध्ये आणला. तिथला प्रेक्षक पावसात उभा राहतो, कारण कुठेतरी वर दार उघडं आहे.

आपल्याकडे शिडी कुठे आहे? दुसऱ्या स्तराच्या आय-लीगच्या विजेत्याला आयएसएलमध्ये, म्हणजे देशातल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, बढती मिळाली तीच मुळी २०२३ ला, पंजाब एफसीच्या रूपाने. आणि तेव्हा आयएसएलमधून खाली कुणी जात नव्हतं. पेठेचा संघ केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) लीग जिंकला तर पुढच्या वर्षी पुन्हा तीच लीग. वर जायचं तर क्लबचा परवाना लागतो, त्यासाठी वयोगटाचे संघ, पात्र प्रशिक्षक, तपासलेले हिशेब. ते करायची कुठल्या तालमीची तयारी आहे? म्हणून आपल्याकडे वर जातो तो एकटा खेळाडू. अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप खेळला, निखिल कदम मोहन बागानकडून खेळला. दोघांना त्यासाठी कोल्हापूर सोडावं लागलं. पेठेचा अभिमान मलाही आहे, पण पेठ हीच पायरी आणि पेठ हेच छत असेल तर पोरांनी करायचं काय?

पहिल्या सामन्याला प्रेक्षक नसतात ते पेठेच्या हट्टामुळे नाही. त्या सामन्यातून पुढे काही निघत नाही, म्हणून नसतात.

शनिवार_तीनवाजता
@हिशेबी_माणूस शिडी हवी, वाद नाही. पण प्रेक्षक शिडीमुळे येतो हे चूक. शेफील्ड एफसी दीडशेहून जास्त वर्षं जुना आहे आणि व्यावसायिक लीगमध्ये कधी पोचलेला नाही. इंग्लंडातले बहुतेक लहान क्लब असेच, एक पायरी वर, एक खाली. तरी दर शनिवारी चहाच्या टपरीवर तीच माणसं. कोणी तिकिटं फाडतो, कोणी गवत कापतो, सगळे बिनपगारी.

ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच फुटबॉलचा सामना टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. लहान मैदानांवरची गर्दी टीव्हीने खाऊ नये, म्हणून १९६० च्या दशकापासून हे चालत आलंय. जानेवारी २०२१ मध्ये आठव्या स्तरावरच्या मरीन क्लबच्या मैदानावर एफए कप या बाद फेरीच्या स्पर्धेत प्रीमियर लीगचा टॉटनहॅम आला. कोविडच्या साथीमुळे गॅलरी बंद होती, तर क्लबने आत जाताच न येणारी तिकिटं विकली, नुसता आधार म्हणून. तीस हजारांहून जास्त लोकांनी घेतली. त्यातल्या बहुतेकांनी मरीनचं मैदान पाहिलंही नसणार. मरीन ५-० ने हरला. मंगळवारच्या गड्या, हे सगळे पाहुणेच ना? पण क्लबाच्या तिजोरीत पैसा पाहुण्यांचा पडला.

@लाइपझिगमुक्कामी तुमचं खरं, मी एका मैदानाचं सांगितलं. पण तुम्ही सांगितलेल्या दोन क्लबांपैकी एकाचे होऊनच तिथे जाता ना? मी दोन्हींचा नसताना जाईन म्हणतोय.

लाइपझिगमुक्कामी
दोन्हींचा नसलेला माणूस त्या सामन्याला गेला तर दोन्हीकडून मार खाईल. अनुभवाने नाही, अंदाजाने सांगतोय.

जुना_गोली
मी खालच्या गटात बरीच वर्षं गोल सांभाळला. नाव सांगत नाही, सांगितलं तरी कुणाला आठवायचं नाही.

रिकाम्या गॅलरीसमोर खेळताना काय होतं सांगतो. चेंडू बाहेर गेला की आणायला पण कुणी नसतं, आपणच पळायचं. गोल खाल्ला तर शिव्या नाहीत, वाचवला तर टाळी नाही. मला विचाराल तर शिव्या परवडल्या. एकदा पेनल्टी अडवली तेव्हा वरून एकच टाळी आली. बघतो तर समोरच्या संघाच्या एका पोराचा बाप. त्याला माझी पेठ माहीत नव्हती, पण पेनल्टी कळली होती. पोरानं बापाकडं असं बघितलं की बास.

शिडी, परवाना, जर्मनी सगळं चालू द्या. हंगाम चालू आहे. दुसऱ्या सामन्याला येणारच आहात तर दोन तास आधी या. तिकीट तेच असतंय.

सायली_राजारामपुरी
@जुना_गोली आम्ही असतो तिथे. टाळ्या आमच्याकडून पक्क्या, दोन्ही गोलींना.

मंगळवारचा_गडी
काकांच्या शब्दाखातर रविवारी येतो लवकर. पहिला सामना कुणाचा हाय तेवढं आधी कळवा, समोर शिवाजी पेठेतला कुठला संघ असला तर मला कुणाच्या बाजूनं बसायचं ते ठरवाय लागंल.