डोंगरातली सायकल सुट्टी: डांबर आणि खडी एकाच सहलीत बसवावी का?

घाटवाट (धागाकर्ती)

डोंगरात आठवडाभर सायकल चालवायला जायचं ठरलं की पहिला वाद ठरलेला: रोड सायकल (डांबरासाठीची, बारीक टायरची) न्यायची की ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्यांसाठीची, रुंद टायरची)? माझ्या मते हा वादच फुकाचा आहे. एकच ग्रॅव्हल सायकल घ्या, सोबत दोन व्हीलसेट (चाकांच्या जोड्या). एकावर ३२ मिमीचे गुळगुळीत टायर, दुसऱ्यावर ४५ मिमीचे खाचांचे. मुक्काम एकाच गावात ठेवा आणि रोज तिथूनच वेगळी फेरी मारा. आज डांबरी खिंड, उद्या जंगलातला कच्चा रस्ता.

दोन्ही प्रकार एकत्र नांदतात याचा उत्तम दाखला म्हणजे इटालियन आल्प्समधली कोल्ले देल्ले फिनेस्त्रे ही खिंड. उंची २१७८ मीटर. सूझा खोऱ्याकडून साधारण १८ किमीचा चढ, सरासरी नऊ टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातले शेवटचे ८ किमी कच्चे! खिंडीपलीकडे थोडं उतरलात की अस्सिएत्ताचा जुना लष्करी कच्चा रस्ता पुढे डोंगरधारेवरून जातो. अशा ठिकाणी 'आपण फक्त डांबरावरचे' म्हणून अर्ध्यातून परत फिरायचं?

दुसरा मुद्दा, आखणी किलोमीटरवर करू नका, चढाईच्या मीटरवर करा. सपाटीवर शंभर किमी सहज मारणारा माणूस डोंगरात साठ किमी आणि २००० मीटर चढाईत पार वाकतो. मतं मांडा, विरोध असला तर जास्तच आवडेल.

डांबरनिष्ठ

विरोध हवाय ना, घ्या.

फिनेस्त्रेचा दाखला तुमच्यावरच उलटतो. जिरो द'इटालिया शर्यत २००५ साली पहिल्यांदा त्या खिंडीतून गेली ती रोड सायकलींवर. २०१८ मध्ये ब्रिटिश शर्यतपटू ख्रिस फ्रूमने त्याच कच्च्या पट्ट्यात वेग वाढवून बाकीच्यांना मागे टाकलं आणि पुढचे सुमारे ८० किमी एकट्याने काढले, तेही रोड सायकलवरच. आजच्या बऱ्याच रोड सायकलींत ३२ मिमी टायर बसतो. दाबून बसलेल्या खडीला तेवढा पुरतो. मग ४५ मिमीचं ओझं कशाला?

आणि दोन व्हीलसेटचं प्रकरण कागदावर छान दिसतं. दोन वेगळ्या हबवरचे (चाकाच्या मध्यावरचे) रोटर, म्हणजे डिस्क ब्रेकच्या तबकड्या, एका रेषेत येतीलच असं नाही. चाक बदललं की ब्रेक घासायला लागतो. मग मधे पातळ वॉशर घाला, नाहीतर रोज सकाळी कॅलिपर (तबकडी पकडणारा ब्रेकचा भाग) सैल करून पुन्हा बसवा. एक कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) झिजलेली आणि दुसरी नवी असेल तर साखळी उड्या मारते ते निराळंच. सुट्टीवर जायचंय की वर्कशॉप चालवायचंय?

मंदगती

+१, पण वेगळ्या कारणासाठी. मला 'एकाच गावात मुक्काम' हेच पटत नाही. डोंगरातली खरी गंमत खिंड ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात उतरण्यात असते. मुक्काम एकच असेल तर दर वेळी त्याच रस्त्याने परत, नाहीतर मोठा वळसा. तिसऱ्या दिवशी गावाबाहेर पडतानाचा तो पहिला चढ नको नको होतो.

सामान सायकलवर लादून या खोऱ्यातून त्या खोऱ्यात जावं, मग डांबर लागो की खडी. वाट नेईल तसं.

घाटवाट

मंदगती, आठ-दहा किलो सामान लादून बारा टक्क्यांचा कच्चा चढ चढायचा म्हणजे अर्धी वाट सायकल ढकलायची. शिवाय मुक्काम ठरलेले असले की हवा बिघडली तरी निघावंच लागतं. एका ठिकाणी राहिलं की ढग बघून दिवसांची अदलाबदल करता येते. उंचावरची खिंड स्वच्छ दिवसासाठी राखून ठेवायची, कुंद दिवशी खालच्या जंगलात फिरायचं.

डांबरनिष्ठ, वॉशर एकदाच घालायचा असतो, घरी, निघण्याआधी. आणि दोन्ही व्हीलसेटवर सारखीच कॅसेट लावून त्या आलटून पालटून वापरल्या तर साखळीची कुरकुर होत नाही. फ्रूमबद्दल एवढंच म्हणेन की त्याच्या मागे गाडीत सुटी चाकं घेऊन माणसं होती.

गिअरगणित

इथे कुणी आकडेच मांडत नाहीये, म्हणून मधे पडतो.

सायकलस्वार, सायकल, पाणी सगळं धरून ८५ किलो समजा. रोड सायकलच्या पुढच्या चकतीला ३४ दात, मागच्या चकतीला ३४ दात, पेडलचे मिनिटाला ६० फेरे. वेग येतो ताशी साडेसात किमी. बारा टक्के चढावर नुसत्या गुरुत्वाकर्षणाशी लढायला सुमारे २१० वॉट लागतात. हौशी माणूस तासन्‌तास तेवढे काढू शकत नाही. तेच ग्रॅव्हलच्या पद्धतीने पुढे ४० आणि मागे ५२ असतील तर तेवढ्याच फेऱ्यांना वेग सहाच्या खाली आणि गरज १६० वॉटच्या आसपास. हा फरक म्हणजे सुट्टी आणि शिक्षा यांतला फरक.

आता खडीचं. चांगल्या बसलेल्या खडीवर जास्तीचं घर्षण साधारण एक टक्का चढ वाढल्याइतकं असतं. म्हणजे नऊ टक्क्यांचा चढ दहाचा वाटेल, बस. सुटी वाळू किंवा मोठे दगड असले तर गोष्ट वेगळी. खरा वेळ जातो उतारावर. डांबरावर जिथे ताशी ४५ ने सुटता तिथे खडीवर वीस-पंचवीसने, हात ब्रेकवर आवळून. ग्रॅव्हलच्या दिवसाची आखणी करताना लोक चढाचा वेळ वाढवतात आणि उतार फुकटात धरतात. हिशोब नेमका तिथे चुकतो.

आणखी एक, डांबरावर गिअर कमी पडला तर पेडलवर उभं राहून निभावता येतं. खडीवर उभे राहिलात की मागच्या चाकावरचा भार कमी होतो आणि ते जागच्या जागी फिरतं. म्हणून हलका गिअर खडीवर जास्त लागतो. डांबरनिष्ठ, ३२ मिमी टायर बसेलही, पण तुमचा ३४-३४ तिथे दगा देईल.

डांबरनिष्ठ

गिअरचा मुद्दा मान्य. पण मग रोड सायकललाच मोठी कॅसेट लावा ना! त्यासाठी अख्खी सायकल बदलायची गरज नाही.

माझा मुख्य आक्षेप अजून सांगायचाच राहिलाय. डांबरी दिवसाची लय वेगळी असते. पहाटे निघायचं, दोन-तीन खिंडी जोडून मोठी फेरी मारायची, लांब उतारावर वळण वळण घेत वाहत जायचं. त्यासाठी पाय सलग दिवस तयार होत जातात. मधेच एक दिवस खडीत हादरे खाल्ले की मनगटं आणि पाठ दुसऱ्या दिवशी हिशोब मागतात. दोन्ही करायला गेलात की दोन अर्ध्या सुट्ट्या होतात, एक पूर्ण होत नाही.

नकाशेवेडी

सायकलवर एवढी चर्चा आणि महिन्यावर एकही शब्द नाही? माझा विरोध तिथे आहे.

उंच डांबरी खिंडींतला बर्फ यंत्रांनी काढतात. आल्प्समधल्या स्तेल्व्हिओ (इटली, २७५७ मीटर), गालिबिए (फ्रान्स, २६४२ मीटर) हिवाळाभर बंद असतात आणि साधारण मेअखेर ते जूनमध्ये उघडतात. कच्च्या वाटांवरचा बर्फ काढायला कोण जातंय? उत्तरेकडच्या उतारावर तो डांबरी खिंड उघडल्यावरही कितीतरी दिवस टिकतो, आणि वितळताना खालची वाट चिखलाची करून टाकतो. म्हणजे जूनमध्ये 'आज डांबर, उद्या खडी' म्हणणाऱ्याला उंचावरची खडी मिळणारच नाही, खालच्या जंगलावर समाधान मानावं लागेल. दोन्ही हवंच असेल तर जुलैच्या मध्यानंतर जा. तेव्हा दुपारच्या वादळांची गाठ पडते. घाटवाट, कुंद दिवशी जंगलात जायचं म्हणता, पण विजा चमकत असताना झाडाखाली थांबणं हा आसरा नव्हे. त्यावर उपाय एकच, लवकर निघून दुपारच्या आत खाली.

कच्च्या वाटांचा दुसरा त्रास म्हणजे माहिती. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर वाटांना ग्रेड १ ते ग्रेड ५ अशी प्रत असते. एक म्हणजे पक्की, पाच म्हणजे जवळजवळ गवत. पण अनेक वाटांवर ती नोंदच नसते आणि ॲप बिनदिक्कत तिकडे वळवतं. मी उपग्रहचित्रात रंग बघते, कुणी टाकलेले फोटो बघते, आणि त्या वाटेवर सायकलला परवानगी आहे का तेही तपासते. चढाईच्या मीटरवर आंधळा विश्वास नको. बोगदा असला की ॲप वरचा डोंगर मोजतं, अरुंद वळणांवर रेघ कड्यावरून सरकते आणि आकडा फुगतो.

मंदगती

नकाशेवेडी, हे सगळं तपासत बसलं तर वाट चुकण्यातली मजा कुठे राहिली?

नकाशेवेडी

वाट खाली चुकावी. २३०० मीटरवर, संध्याकाळी, घामाने भिजलेल्या जर्सीत नाही. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी तापमान घसरतं. खोऱ्यात २५ असेल तर तिथून दोन हजार मीटर वर जेमतेम बारा, आणि उतारावर त्यात वारा. एक विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे हातमोजे प्रत्येक दिवशी, डांबर असो वा खडी.

घाटवाट

महिन्याचा मुद्दा जबरदस्त, माझ्या आखणीत त्याला जागा करते. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा कसा वाटतो? कच्च्या वाटा कोरड्या, वादळं कमी, गर्दीही ओसरलेली. आणि डांबरनिष्ठ यांच्या हादऱ्यांवर तोड म्हणून क्रम बदलते: आधी तीन दिवस सलग डांबर, मग आराम, मग शेवटचे दोन दिवस खडी. रोज चाकं बदलायचीही भानगड नाही, आरामाच्या दिवशी एकदाच.

डांबरनिष्ठ

म्हणजे शेवटी तुम्हीही दोन वेगळ्या सुट्ट्याच केल्यात, फक्त मधे आराम घातलात.

गिअरगणित

सप्टेंबर चालेल, पण आल्प्समध्ये तेव्हा उजेड जूनपेक्षा अडीच-तीन तासांनी कमी असतो. खडीच्या दोन्ही दिवसांची चढाई १२०० मीटरच्या आत ठेवा. ताशी ५०० मीटर धरली तरी चढायलाच अडीच तास जातील, आणि उताराला मी वर म्हटल्याप्रमाणे डांबराच्या दुप्पट वेळ धरा. ब्रेक पॅडचा एक जादा जोड घ्या, ओल्या खडीवर ते फार लवकर संपतात.