माइंड मॅप सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती लगेच घ्यावी, की बग निस्तरेपर्यंत थांबावं? (अनुभव धागा)

मोठी आवृत्ती आली की पहिल्या काही आठवड्यांत बगच्या तक्रारी येतातच. तरीही कुणी लगेच घेतं, कुणी जुन्यावरच राहतं. नाशिक परिसरात ज्यांचं रोजचं काम माइंड मॅपवर, म्हणजे मधल्या विषयातून मुद्द्यांच्या (टॉपिकच्या) फांद्या काढलेल्या नकाशावर चालतं, त्यांनी इथे लिहावं. "मस्त आहे", "भंगार आहे" एवढंच नको. काय तपासता, कुठे मोडतं आणि मागे कसं फिरता ते सांगा. आपबीती थोडक्यात, कृती सविस्तर.

अंबड, डिझाइन ऑफिस

बग किती आहेत हे मी बघतच नाही, कुठल्या जातीचे आहेत ते बघतो. एक जात पडद्यावरची: फांदी उडी मारते, झूम अडकतं, रंग बदलतो. हे चालवून घेता येतं. दुसरी जात फाइलीतली: सेव्ह केल्यावर नोट गायब, जोडलेलं चित्र रिकामं, दोन टॉपिकमधला बाण तुटलेला. अशी एकही तक्रार खात्रीची दिसली तर पुढची दुरुस्ती येईपर्यंत थांबायचं.

त्याहून मोठा धोका बगचा नसतोच, फाइलचा साचा बदलण्याचा असतो. एक्समाइंड या सॉफ्टवेअरचं उदाहरण घ्या. आठव्या आवृत्तीपर्यंत मजकूर एक्सएमएल नावाच्या साच्यात असायचा, २०१८ च्या 'झेन' आवृत्तीपासून तो जेसन या दुसऱ्या साच्यात गेला. नव्यात सेव्ह केलेली फाइल आठमध्ये उघडली तर नकाशाच्या जागी इशारा दिसतो की बदल करून सेव्ह करू नका, मजकूर कायमचा जाईल. लोकांना वाटतं फाइलच बिघडली, आणि सवयीने कंट्रोल-एस दाबतात. संपलं.

फाइल कुठल्या पिढीतली हे ओळखायला तिची प्रत काढा, नावाच्या शेपटीला झिप लावा आणि उघडा. आत 'कंटेंट' नावाची जेसन फाइल असेल तर ती नवी. नुसती एक्सएमएल असेल तर जुनी. नव्या फाइलीतही एक्सएमएल सापडते, पण तिच्यात तो इशाराच असतो. म्हणून आधी जेसन शोधा.

ऑफिसात चार जण एकाच शेअर फोल्डरवर असतील तर चौघांनी एकाच दिवशी बदलावं, नाहीतर कुणीच नाही.

कॉलेज रोड, स्पर्धा परीक्षा क्लास

आमची चाचणी मराठीची. इंग्रजीत गुळगुळीत चालणारी आवृत्ती देवनागरीत कोलमडू शकते, आणि प्रकाशनासोबतच्या टिपणात त्याचा उल्लेखही नसतो. एक छोटा नकाशा कायमचा तयार ठेवावा. त्यात हे शब्द: तऱ्हा, पुऱ्या, क्षेत्र, ज्ञान, राष्ट्रीय, द्राक्षे, कर्तृत्व. सगळे जोडाक्षरांचे आणि रफाराचे. तो नव्या आवृत्तीत उघडून तीन ठिकाणी बघायचा: पडद्यावर, टॉपिकमध्ये टाइप करत असताना आणि पीडीएफमध्ये. टाइप करताना कर्सर जोडाक्षराच्या मधोमध थांबतो का आणि बॅकस्पेसने मात्रा जाते की अख्खं अक्षर, हेही पाहून घ्या.

सगळ्यात जास्त मोडतं ते पीडीएफ. सॉफ्टवेअरचं स्वतःचं एक्सपोर्ट कधीकधी अक्षरं नीट जुळवत नाही, मग 'क्ष'चे तुकडे पडतात आणि पाय मोडल्याचं चिन्ह उघडं दिसतं. अशा वेळी एक्सपोर्टऐवजी प्रिंटमध्ये जाऊन विंडोजचा 'प्रिंट टू पीडीएफ' निवडा, बहुतेक वेळा सुटतं. तरी नाही सुटलं तर मोठ्या आकारात पीएनजी काढा. फॉन्ट आपोआप ठरू देऊ नका, निर्मला यूआय किंवा नोटो सॅन्स देवनागरी हाताने लावा.

जुन्या नोट्स युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये (आत इंग्रजी अक्षरं, दिसायला मराठी) टाइप केलेल्या असतील तर अपग्रेडनंतर त्या इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतील. तो नव्या आवृत्तीचा बग नाही. फॉन्टचं नाव सुटलं की असंच दिसतं. आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, मग आवृत्ती.

पिंपळगाव बसवंत, द्राक्ष सल्ला

गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) सुरू झाल्यापासून माल निघेपर्यंत काहीही बदलायचं नाही. फवारण्या, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), काढणीपूर्व प्रतीक्षा काळ हे सगळं नकाशावर छाटणीच्या दिवसापासून मोजलेलं असतं. अपग्रेडला उन्हाळा मोकळा असतो.

फोनचा घोळ कुणी लिहिला नाही अजून. लॅपटॉपवर तुम्ही जुनी आवृत्ती जपून ठेवता आणि फोनवरचं ॲप रात्रीतून आपोआप नवं होतं. बागेत उभं राहून एक ओळ वाढवली की फाइल नव्या साच्यात सेव्ह होऊ शकते. प्ले स्टोअरवर त्या ॲपच्या पानावर वर उजवीकडचे तीन ठिपके दाबा आणि ऑटो अपडेटची खूण काढा.

आणखी एक. तारखेचा, टास्कचा खास रकाना वापरूच नका. आवृत्ती बदलताना किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेताना पहिले असे रकानेच गळतात. दिवस सरळ टॉपिकच्या मजकुरात लिहावा: "३५ वा दिवस, डाऊनी" (डाऊनी म्हणजे द्राक्षावरचा एक रोग). साधा मजकूर सगळीकडे टिकतो.

सातपूर, आयटी देखभाल

क्रम असा ठेवा. जुन्या आवृत्तीची इन्स्टॉलर फाइल पेनड्राइव्हवर, कारण कंपनीच्या साइटवर ती पुढे मिळेलच असं नाही. लायसन्स की कागदावर. नकाशांचं पूर्ण फोल्डर वेगळ्या डिस्कवर, आणि ते क्लाउडशी सिंक होणारं नको, नाहीतर बिघडलेली फाइल बॅकअपवरही जाऊन बसते. नवी आवृत्ती शक्यतो दुसऱ्या मशीनवर. लायसन्सला मशीनची मर्यादा असेल तर आधी जुन्यावरून डीॲक्टिव्हेट करा, मगच काढा.

नवी सुरू केल्यावर पडदा पांढरा किंवा काळा आला तर लगेच शिव्या देऊ नका. यातली बरीच ॲप ब्राउझरच्या इंजिनावर चालतात. ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा, सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून बघा.

थांबायलाही मर्यादा आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन बदललं की तुमची लाडकी जुनी आवृत्ती त्यावर चालेलच असं नाही.

गंगापूर रोड, फ्रीप्लेनवाला

माझं मत उलटं आहे. फ्रीप्लेन हे मोफत माइंड मॅप सॉफ्टवेअर वापरत असाल तर घ्या लगेच. पोर्टेबल आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये उघडा, जुनी जागच्या जागी राहते. त्याची एमएम फाइल म्हणजे साधा एक्सएमएल मजकूर, नोटपॅडमध्येही उघडते. फ्रीमाइंड (फ्रीप्लेन ज्यातून निघालं ते जुनं सॉफ्टवेअर) च्या जुन्या फाइलींत देवनागरीऐवजी अँपरसँड-हॅशचे आकडे दिसले तर घाबरू नका, ते युनिकोडचे क्रमांक आहेत, मजकूर शाबूत असतो.

मोठे नकाशे हळू चालत असल्यामुळे मेमरीची मर्यादा कुणी हाताने वाढवून ठेवली असेल तर नव्या आवृत्तीत ती पुन्हा तपासा. "नवी आवृत्ती संथ आहे" या ओरडीमागे कधीकधी एवढंच कारण निघतं. आणि फ्रीप्लेनच्या स्टाइल, सूत्रं फ्रीमाइंडला कळत नाहीत, म्हणून परतीचा रस्ता फ्रीप्लेनच्याच जुन्या आवृत्तीपर्यंत.

इंदिरानगर

@अंबड दादा, नोट गायब झाली हे शेकडो टॉपिकमध्ये कळणार कसं?

अंबड, डिझाइन ऑफिस

डोळ्यांनी नाही कळत. सर्वात मोठा नकाशा जुन्या आवृत्तीतून वर्डमध्ये किंवा साध्या मजकुरात एक्सपोर्ट करा, नोट्ससकट. त्याच नकाशाची प्रत नव्यात उघडा, एक टॉपिक हलवा, सेव्ह करा, बंद करून पुन्हा उघडा, मग तसंच एक्सपोर्ट. नुसतं उघडून बघण्यात अर्थ नाही, मोडतोड सेव्ह करताना होते. दोन्ही मजकूर वर्डच्या रिव्ह्यूमधल्या कम्पेअरला द्या. हलवलेल्या टॉपिकखेरीज काहीही लाल दिसलं तर कारण सापडेपर्यंत थांबा. चित्रं, बाण आणि लिंक यात येत नाहीत, त्या वीस-पंचवीस हाताने उघडून बघाव्या लागतात.

इंदिरानगर

आणि लिंक फोल्डरच्या पूर्ण पत्त्याने असतील तर?

सातपूर, आयटी देखभाल

मग नव्या मशीनवर सगळ्या तुटणार, आवृत्ती कुठलीही असो. जुन्यातच सापेक्ष पत्ता (नकाशाच्या फोल्डरपासून मोजलेला) निवडून घ्या, नकाशा आणि जोडफाइली एकाच फोल्डरखाली आणा, मग तो फोल्डर उचला.